माहादेबेने थांबवलेली पेनल्टी

एमोयेनीच्या फुटबॉल मैदानावर शिट्टी घेऊन धावणारी बाई एकच होती. तिचं नाव झिबुयिले. पण लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारायची रीत, म्हणून सगळं गाव तिला माहादेबे म्हणायचं. आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी मक्याचं पुतु आणि घेवड्याचं कालवण रटरटवायची. शनिवारी मात्र काळा स्कर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्याला घट्ट रुमाल अशी मैदानात उतरायची आणि बावीस बाप्यांना दम भरायची.

लहानपणी ती भावांबरोबर गोलकीपर म्हणून खेळायची. सासरी आल्यावर ते बंद झालं. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीतून छातीचं दुखणं घेऊन परतला आणि दोन हिवाळ्यांत गेला. तिने रीतीप्रमाणे वर्षभर काळे कपडे घातले. ज्या दिवशी ते उतरवले, त्याच दिवशी सासूला सांगितलं, "आई, मी लेडीस्मिथला जाते. रेफरीचं शिक्षण आहे."

सासूने कपाळावर हात मारला. "बाई माणूस, पुरुषांच्या मागे धावणार? लोक काय म्हणतील गं?"

"लोक म्हणतातच, आई. आता निदान म्हणायला काहीतरी मिळेल त्यांना."

तर अशी ती होती.

लेडीस्मिथला शिकवणाऱ्या मास्तरांनी शेवटच्या तासाला विजांबद्दल सांगितलं. वीज चमकली की मोजायला लागा. तीस व्हायच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ बंद, सगळे आत. आत म्हणजे पक्क्या इमारतीत नाहीतर काचा लावलेल्या गाडीत. झाडाखाली नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही, तंबूत नाही. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास कोणी बाहेर यायचं नाही. बाकीच्यांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे लागलं होतं. माहादेबे मात्र मान खाली घालून शब्दन्‌शब्द ऐकत होती.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा आणि पावसाचे दिवस. तेव्हा जोहान्सबर्गची, डर्बनची माणसं सुट्टीला घरी येतात आणि आमच्याकडे सामन्यांची धमाल उडते. त्या वर्षी दुकानवाल्या मियाने बक्षीस म्हणून अख्खा बैल लावला होता. काळा, पांढऱ्या पोटाचा, शिंगं अशी की दोन्ही हात पसरले तरी मापात येऊ नयेत. अंतिम सामन्याच्या दिवशी तो मैदानाच्या कडेला निलगिरीच्या उंच झाडाला बांधला होता. त्याच सावलीत मोठी माणसं बियरचं मडकं मधे घेऊन बसली होती. बाकीच्यांसाठी पलीकडे तंबू ठोकले होते.

सकाळीच माहादेबेच्या फोनवर हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला होता: दुपारनंतर जोराचं वादळ, गारा, विजा. तिने तो मियाला नेऊन दाखवला.

मियाने डोळे बारीक करून वाचला आणि फोन परत दिला. "अगं, हे लोक रोजच काहीतरी पाठवतात. डिसेंबर आहे. डिसेंबरात ढग नाही येणार तर काय बर्फ पडणार?"

"सामना सकाळी घेऊ या, बाबा."

"आणि पाहुणे? बैल बघायला डोंगराच्या पलीकडून माणसं येतायत. तू शिट्टी सांभाळ, आभाळ मी सांभाळतो."

सामना दुपारीच सुरू झाला. सुरुवातीला तिने दोन्ही कप्तानांना बोलावून विजांचा नियम सांगितला. चर्चमध्ये पाद्रीबाबांसमोर हलवतो तशा दोघांनी माना हलवल्या, आणि विसरून गेले.

खेळ एक-एक बरोबरीत आला. शेवटची काही मिनिटं उरली असताना पाहुण्या संघाच्या बचावपटूने आमच्या लुंगेलोला गोलसमोर आडवा पाडला. माहादेबेने क्षणाचाही विचार न करता पेनल्टी दिली. मैदान पेटलं! बायका जीभ उडवून किलकिलाट करायला लागल्या, भोंगे वाजले. कोणीतरी ओरडलं, "माहादेबे, तुझ्यासारखी बाई नाही गं!"

लुंगेलोने चेंडू ठेवला, मागे गेला, मोजे वर ओढले. एवढ्यात उखाहलांबा डोंगराच्या कड्यांमागे पांढरी रेघ उमटली. आभाळ केव्हाच वांग्याच्या रंगाचं झालं होतं, पण बघायला कोणाची मान वर होती? माहादेबे मनात मोजायला लागली. विसाच्या आसपास पोचली आणि जमीन गुरगुरली.

तिने शिट्टी फुंकली.

लुंगेलोला वाटलं, मारायची खूण झाली. तो धावत सुटला. पाय उचलला तर समोर चेंडूच नाही! चेंडू माहादेबेच्या काखेत.

"सामना थांबला," ती म्हणाली. "सगळे आत."

असा काही ओरडा झाला की गडगडाटही फिका पडावा. "पाहुण्यांनी विकत घेतलं हिला!" "बाईला शिट्टी दिली की हे असं होतं!" संत्र्याची सालं आली, मग एक प्लॅस्टिकची बाटली येऊन तिच्या कानावर बसली. ती हलली नाही.

मिया सुटाबुटात, टोपी सांभाळत मैदानात आला. "माहादेबे, एक किक. एकच! मग जा आत, झोप, काय वाट्टेल ते कर."

"बाबा, वीज काय रांगेत उभी राहणार आहे?"

"सगळ्या गावासमोर माझा अपमान करत्येस तू."

"उद्या गावासमोर तुमच्याशेजारी बसून रडण्यापेक्षा आज अपमान केलेला बरा," असं म्हणून तिने निवेदकाच्या हातातला भोंगा ओढून घेतला. "ऐका! झाडाखाली कोणी थांबायचं नाही. तंबूचे खांब लोखंडी आहेत, तिथून निघा. कुंपणाला हात लावू नका. गवती छपराच्या झोपडीत जाऊ नका. शाळेच्या हॉलमध्ये, नाहीतर टॅक्सीत. चला!"

कोणी हललं नाही. मग लुंगेलोची आजी, गोगो माखुबेका, खुर्चीवरून काठी टेकत उठली. ती उठली की गावात सगळेच जरा सावरून बसतात. "वर मोठे मालक खेळायला उतरले की खाली पोरांनी खेळ थांबवायचा, हे मी दात येण्याच्या आधीपासून ऐकत्ये. लुंगेलो, चल."

"गोगो, पेनल्टी आहे माझी!"

"पेनल्टी कुठे जात नाही. तू जाशील. चल म्हणते ना!"

नातू निघाला तशी संघातली पोरं निघाली, पोरांच्या मागे आया. बोंगुमुसा एरवी टॅक्सी चालवायचा आणि शनिवारी लाइन्समनचं निशाण धरायचा. तो पळत जाऊन आपली आणि मित्रांची टॅक्सी उघडून ओरडला, "या, बसा! काचा वर करा. आणि दाराच्या पत्र्याला रेलून झोपा काढू नका!"

शाळेच्या हॉलला मात्र कुलूप होतं. मुख्याध्यापक सुट्टीला डर्बनला गेलेले. माहादेबेने किल्लीची चौकशीच केली नाही. वाटेतला धोंडा उचलला आणि दोन घावांत कुलूप लोळवलं. लोक आत घुसले. खिडक्यांपासून आणि नळापासून लांब बसायला सांगून ती पुन्हा बाहेर पळाली, कारण निलगिरीखालची मंडळी जागची हलली नव्हती.

"माहादेबे," त्यातला एक जण पाय पसरून म्हणाला, "आम्ही या झाडाखाली तुझ्या जन्माआधीपासून बसतोय."

"आज उठा."

"बियर अर्धी आहे अजून."

यावर तिने वाद घातला नाही. वाकली, मडकं दोन्ही हातांनी उचललं, डोक्यावर ठेवलं आणि हॉलच्या दिशेने चालायला लागली. मग एकामागून एक सगळे उठले आणि शिव्या देत मडक्यामागे निघाले. विजेला न घाबरणारी माणसं बियरच्या मागे मात्र शाळेतल्या पोरांसारखी रांगेत आली!

मिया एकटाच बैलाजवळ राहिला. "मी माझं जनावर सोडून येणार नाही," तो ओरडला.

"दावं सोडा, बाबा! जाऊ दे त्याला वाट फुटेल तिकडे!"

पण त्याने ऐकलं नाही. गारा पडायला लागल्या तेव्हा टोपी धरून आपल्या गाडीकडे धावला. गाडीचं दार बंद झालं आणि थोड्याच वेळात सगळं जग पांढरं झालं. आवाज कानाने ऐकू आला नाही, पोटात ऐकू आला. हॉलमध्ये एक मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला छातीशी दाबलं. गोगो माखुबेकाने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. अशा वेळी बोलायचं नसतं.

गडगडाट डोंगरापलीकडे गेला, थांबला, तरी माहादेबेने कोणाला बाहेर सोडलं नाही. दारात आडवी उभी राहिली. या खेपेला कोणी वाद घातला नाही.

बाहेर आल्यावर दिसलं. निलगिरी शेंड्यापासून मुळापर्यंत उभी फाटली होती. सालीचे लांब पट्टे मैदानभर पडले होते. माणसं बसायची ते लाकडी ठोकळे काळे पडले होते. आणि बैल कुशीवर पडला होता, दावं तसंच गळ्यात, डोळे उघडे.

कोणीतरी माहादेबेला दुवा देईल असं वाटत होतं. पण मिया बैलाकडून तिच्याकडे वळला. "तुला कसं कळलं?"

"फोनवर आलं होतं, बाबा. दाखवलं की तुम्हाला."

"याच झाडाखालून माणसं उठवलीस. बरोबर याच झाडाखालून. आणि माझा बैल ठेवलास. तुला कसं कळलं, इथेच पडणार म्हणून?"

त्याने तो शब्द उच्चारला नाही. गरजच नव्हती. संध्याकाळी चुलीपाशी तो आपोआप उच्चारला गेला: चेटकीण. वीज आपली आपण पडत नाही, ती कोणीतरी पाठवतं, असं मानणारी माणसं आमच्याकडे आहेत. त्यांना कोणी वेडी म्हणू नये. वादळात घरातला आरसा आम्हीही झाकतोच की. पण एखाद्या बाईचं नाव त्या शब्दाला चिकटलं की काय होतं, हे माहादेबेइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

तिची धाकटी बहीण झानेले विजेनेच गेली होती. दोघी लहान होत्या. पाऊस आला म्हणून झोपडीत पळाल्या, झानेले मधल्या खांबाला पाठ लावून बसली, आणि तशीच राहिली. त्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी मान्दाबा दारावर येऊन सांगून गेली होती: "आज पोरींना खांबाला टेकू देऊ नका गं, माझे गुडघे ठणकतायत, दिवस वाईट आहे." झानेलेला पुरल्यावर लोकांना तेवढंच आठवलं. हिला आधीच कसं कळलं? मान्दाबाचं घर जाळलं. म्हातारी चटईची गुंडाळी डोक्यावर घेऊन वाटेला लागली, आणि वाटेवरच्या प्रत्येक घराचं दार बंद झालं. लहानगी झिबुयिले ओरडणार होती की तिने तर सांभाळा म्हणून सांगितलं होतं. पण आईने तिच्या तोंडावर हात दाबून धरला. आई स्वतःच घाबरली होती.

आता मियाच्या दुकानात माहादेबे शिरली की बायकांचं बोलणं थांबायला लागलं. एका संध्याकाळी तिच्या पत्र्यावर दगड पडला. सासूने तिची पिशवी भरली आणि समोर ठेवली. "एस्टकोर्टला भावाकडे जा. थंडावेल, मग ये."

"मी गेले तर परत येणं नाही, आई. मान्दाबा आली का परत?"

"मग काय, घर पेटवायची वाट बघत बसणार?"

"वाट मी कशाला बघू?" तिने पिशवी उपडी केली, रेफरीचा काळा स्कर्ट बाहेर काढला आणि झटकून घातला. "मीच जाते इंडुनांकडे."

इंडुना माझिबुको म्हणजे आमच्या गावचे कारभारी. तक्रारी घेऊन लोक त्यांच्याकडे यायचे. पण आपल्याच विरुद्धची तक्रार घेऊन आलेलं माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "मला चेटकीण म्हणतायत," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलवा. ज्याला म्हणायचंय त्याला माझ्या तोंडावर म्हणू दे."

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर गोठ्याजवळच्या अंगणात सभा भरली. पुरुष बाकांवर, बायका चटयांवर. माहादेबे चटईवर बसली नाही.

"बाई, बस," कोणीतरी म्हणालं.

"माझ्यावर काय आळ आहे तो उभं राहूनच ऐकते. बसले तर वाटेल, थकले."

मियाने आपलं म्हणणं मांडलं. माणूस वाईट नव्हता. बैल त्याने वासरू असल्यापासून वाढवला होता. विजेने मेलेल्या जनावराचं मांस आम्ही शिवत नाही, म्हणून ते अख्खं जनावर खड्ड्यात गेलं होतं. "एवढीच विचारणा आहे माझी. तिला कसं कळलं?"

माहादेबेने खिशातून फोन काढला आणि वर धरला. "यावर आलं. त्या दिवशी सकाळी आणखी कोणाच्या फोनवर हा नारिंगी इशारा आला होता? हात वर करा."

कोणी हात वर करेना. मग बोंगुमुसाने केला. "आमच्या टॅक्सीवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना आला होता." त्याच्याशेजारी आणखी एक हात वर गेला. मग जोहान्सबर्गहून आलेल्या पोरांचे चार-पाच. मग बायकांच्या चटयांवरून.

"म्हणजे इतके सगळे चेटके," माहादेबे म्हणाली. "मग मी एकटीच का उभी आहे? या, उभे राहा माझ्याबरोबर."

गोगो माखुबेका काठी आपटून म्हणाली, "फोन माझ्याकडे नाही. मी ऐकलं ते मियाच्या दुकानातल्या रेडिओवर. साखर घ्यायला गेले होते. रेडिओवाला ओरडून ओरडून सांगत होता, आणि मिया म्हणाला, आवाज कमी करा रे."

अंगणात खसखस पिकली. मियाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणखी एक ऐका," माहादेबे म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "वीज माझ्या हातातली असती, तर मी ती बाबांच्या बैलावर वाया घालवली असती? शाळेच्या स्वयंपाकघरातला दिवा चार महिने बंद आहे. तिथे नसती का नेऊन जोडली?" लोक मोठ्याने हसले, पण ती हसली नाही. "वीज कोण पाठवतं ते मला ठाऊक नाही. ठाऊक असल्याचं मी कधी म्हटलं नाही. ती उंच झाडावर पडते, तारेवर पडते, खांबाला टेकलेल्या पोरीवर पडते, एवढं मी बघितलंय. माझ्या बहिणीला मी बघितलंय. आणि सावध करणाऱ्या म्हातारीचं घर जळताना बघितलंय. तेव्हा माझं तोंड दाबलं होतं. आता दाबून दाखवा! पुढच्या शनिवारी ढग आले तर मी पुन्हा शिट्टी मारणार. माझं घर जाळलंत, तर राखेत उभी राहून मारणार."

इंडुना माझिबुकोंनी दाढी खाजवली आणि निकाल दिला. या बाईला जो कोणी पुन्हा तो शब्द लावेल, त्याने दंड म्हणून इथे बकरा आणून बांधायचा. सामन्यातली राहिलेली पेनल्टी पुढच्या शनिवारी मारायची. आणि माहादेबेने मियाची आणि शाळेची माफी मागायची, कारण मोठ्या माणसाला चारचौघांत असं उलटून बोलत नाहीत, आणि कुलूप हे कुलूप असतं.

"कुलपाची माफी मागते," माहादेबे म्हणाली. "बैल गेला त्याचं मला दुःख आहे, बाबा मिया, देखणं जनावर होतं. पण शिट्टीची माफी मागणार नाही."

मियाने मांडीवरची टोपी उचलली. मग म्हणाला, "मडकं नेलं नसतंस तर माझा भाऊही तिथेच बसला असता." एवढंच बोलून तो टोपी घालून निघून गेला.

शनिवारी पेनल्टी झाली. लख्ख ऊन होतं. सगळा गाव नुसत्या एका किकसाठी जमला, आणि लुंगेलोने चेंडू बारवरून थेट मक्याच्या शेतात घातला. "त्या दिवशी गेला असता गोल," तो अजून सांगतो. "त्या दिवशी पाय गरम होता माझा." पुढे टायब्रेकर झाला आणि पाहुणे जिंकले. त्यांना मियाने एक बोकड दिला. आमच्या पोरांनी दोन आठवडे माहादेबेशी बोलणं टाकलं.

सगळं काही गोड झालं नाही. जिल्ह्याच्या फुटबॉल मंडळींनी पुढच्या वर्षीच्या रेफरींमधून तिचं नाव गाळलं. कारण दिलं, आयोजकांशी उद्धट वर्तन. तिने दोनदा जाऊन विचारलं, तिसऱ्यांदा गेली नाही. जानेवारीत शाळा उघडल्यावर तिने मुख्याध्यापकांना गाठलं आणि मुलींचा संघ काढायची परवानगी मागितली. मुख्याध्यापक नवं कुलूप हातात घेऊनच उभे होते. त्यांनी एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दोन किल्ल्यांपैकी एक तिला देऊन टाकली.

पाऊस संपायच्या आत मुलींचे सामने सुरू झाले. आधी बघायला कोणी येत नव्हतं, मग आया आल्या, मग आयांना शोधत बाप आले. पहिल्याच महिन्यात शहरातल्या एका शाळेचा संघ आला. त्यांचा प्रशिक्षक पांढरे बूट घालून कडेला उभा होता. त्याच्या मुली एका गोलने पुढे होत्या. डोंगरावर ढग चढले, लांब कुठेतरी चमकलं, आणि माहादेबेने मोजून शिट्टी फुंकली. आमच्या मुलींनी चेंडू तिथेच सोडला आणि हॉलकडे पळायला लागल्या. बघणारी मंडळी कुरकुरत उठली. काही जणांनी जाताना खुर्च्यासुद्धा घेतल्या.

प्रशिक्षक हात पसरून तिच्यापुढे आला. "अहो बाई, हे काय? ढग अजून केवढे लांब आहेत!"

"म्हणून तर चालत जाता येतंय," माहादेबे म्हणाली, आणि त्याच्या मुलींना हाताने हाकत हॉलकडे निघाली.